कॅमेरा समेपर्यंत थांबतो का?

मागच्या अंकात लिहिलं होतं की या वेळी शास्त्रीय नृत्य आणि सिनेमा या विषयावरचे प्रश्न घेऊ. पत्रं आणि मेल भरपूर आले, सगळ्यांना जागा देता येणार नाही, पण ज्यात खरंच बोलण्यासारखं आहे ते निवडलेत. काही प्रश्न छापताना थोडे लहान केलेत.

माझी मुलगी सहा वर्षं कथक शिकतेय. टीव्हीवर जुनं एखादं गाणं लागलं की ती म्हणते आई हे कथक नाहीचे, आणि तिचे बाबा म्हणतात की असली कथक तर हेच, तुझ्या क्लासमध्ये नुसतं पाय आपटायला शिकवतात. घरात रोजचा वाद आहे. कोण बरोबर? — एक आई, नाशिक

दोघंही थोडेथोडे बरोबर आहेत, पण तुमच्या लेकीने जे पकडलंय ते जास्त महत्त्वाचं म्हणून आधी तिचं घेते. क्लासमध्ये कथक कसं चालतं ते ती रोज बघते, लेहरा म्हणजे ताल मोजायला सतत वाजणारी धून चालू असते, तीनताल असेल तर सोळा मात्रांचं आवर्तन फिरत राहतं आणि नाचणारी त्यात थाट, आमद, तोडे, परण, तिहाई असं एकेक बांधत बांधत समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबते, आणि त्या थांबण्यातच तर सगळा जीव असतो. तिहाई म्हणजे तोच बोल तीनदा, तिचा शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर पडला की ज्याला तालातलं काही कळत नाही त्याचीही मान हलते.

आता सिनेमात काय होतं बघा. गाणं आधी रेकॉर्ड होतं, सेटवर ते स्पीकरवर वाजवतात आणि नाच तुकड्यातुकड्यांनी शूट होतो, एक ओळ आज, दुसरी परवा, कधी आधी सगळे लाँग शॉट उरकतात आणि क्लोजअप नंतर. घुंगरांचा आवाज बहुतेक वेळा मागाहून स्टुडिओत भरलेला असतो. मग एडिटिंगला बसलेला माणूस कात्री कुठे लावतो? जिथे चेहरा छान दिसतोय तिथे. त्याला तालाची जाण नसेल तर तो तिहाईच्या मधोमधच कापतो, पहिल्या ‘धा’ला पाय, दुसऱ्याला डोळे, आणि तिसऱ्याला म्हणजे ऐन समेवर समोर बसलेल्या कुणाचा तरी चेहरा. नाचणारी समेवर आली की नाही तेच आपल्याला दिसत नाही. तुमच्या लेकीला जे खटकतंय ते हे आहे, तिला कदाचित शब्दात सांगता येत नसेल. म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना सिनेमातला नाच बघताना एकच गोष्ट बघायला सांगते, कॅमेरा समेपर्यंत थांबला का? जो दिग्दर्शक थांबतो त्याला नाच कळलाय, बाकी कपडे, सेट, झुंबरं कितीही असोत.

पण बाबांचंही ऐका. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधलं ‘मोहे पनघट पे’ लच्छू महाराजांनी बसवलंय. हे लखनौ घराण्याचे मोठे गुरू, अच्छन महाराज आणि शंभू महाराज यांचे भाऊ, म्हणजे बिरजू महाराजांचे काका. मधुबाला काही कथकची नर्तकी नव्हती, तेव्हा महाराजांनी तिला तोडे आणि लंबी परण दिलीच नाही, त्यांनी तिला काय दिलं तर मनगट, नजर, घुंगट, पाण्याला निघालेल्या बाईची चाल. तुमच्या लेकीच्या क्लासमध्ये गतनिकास आणि गतभाव, म्हणजे चालीतून आणि हावभावातून छोटा प्रसंग दाखवणं, शिकवत असतील, त्यात पनघटाची गत येते, घुंगटाची गत येते, तेच आहे हे. म्हणजे कथकचा एक हिस्सा अस्सल आणि बाकीचा हिस्सा गायब. लेक गायब हिश्श्याबद्दल बोलतेय आणि बाबा असलेल्या हिश्श्याबद्दल, वाद मिटण्यासारखा आहे.

आणि मिटवायचाच असेल तर दोघांना शेजारी बसवून ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) दाखवा. व्ही. शांतारामांचा सिनेमा, टेक्निकलरमधला, संगीत वसंत देसाईंचं, तबला सामताप्रसादजींचा, केशवराव दाते गुरूच्या भूमिकेत, आणि नायक कोण तर स्वतः गोपीकृष्ण. शांतारामांचे रंग आणि सेट भडक आहेत हे मला मान्य, मला स्वतःला त्यातला बराच भाग डोळ्यावर येतो, पण हिंदी सिनेमात नायक म्हणून असा माणूस उभा राहतो ज्याचं आयुष्यच कथक आहे, हे फार वेळा घडलेलं नाही. सितारादेवी त्यांची मावशी, घरच बनारसच्या कथकचं. त्यामुळे काय झालं की चेहरा एकाचा आणि पाय दुसऱ्याचे असली लपवाछपवी करायची गरज उरली नाही, पूर्ण शरीर फ्रेममध्ये ठेवता आलं. संध्याबाई या सिनेमासाठी गोपीकृष्णांकडेच शिकल्या. आयुष्यभराचा रियाज आणि सिनेमापुरता रियाज यातला फरक दोघं शेजारी नाचताना दिसतो, पण त्या ज्या जिद्दीने उभ्या राहतात त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

हिरॉइन स्वतः नाचतेय की डुप्लिकेट, हे कसं ओळखायचं? — सांगली

पाय दिसतात तेव्हा चेहरा नाही आणि चेहरा दिसतो तेव्हा पाय नाहीत, असं गाणंभर चाललं असेल तर समजून जा. एकच शॉट शोधायचा, ज्यात डोक्यापासून पायापर्यंत बाई दिसतेय, ती चक्कर घेतेय आणि चक्कर संपताना तिचा चेहरा आपल्याकडे येतोय. तसा एक जरी शॉट असेल तर ती शिकलेली आहे. वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांची १९५८ सालची नृत्याची जुगलबंदी बघा, तमिळ ‘वंजिकोट्टै वालिबन’ मध्ये आहे आणि हिंदीत ‘राज तिलक’ मध्ये. दोघी लहानपणापासून शिकलेल्या, कोणी कोणाला ऐकत नाही, आणि कॅमेऱ्याला काही लपवायची वेळच येत नाही.

मी निवृत्त शिक्षक. नात कथक शिकते. आमच्या एका नातेवाइकांनी लग्नात सगळ्यांसमोर विचारलं की मुलीला मुजरा शिकवता का. सिनेमात कोठ्यावर जे दाखवतात त्याचा आणि कथकचा खरंच संबंध आहे का? असेल तर मी त्यांना काय उत्तर देऊ? — लातूर

सर, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, कारण हा प्रश्न कथक शिकणाऱ्या कितीतरी मुलींच्या वाट्याला येतो. तरी तुम्हाला खोटं सोपं उत्तर देणार नाही. संबंध आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हेच उत्तर आहे.

कथक दोन-तीन वाटांनी आपल्यापर्यंत आलं. मंदिरात आणि गावात कथा सांगणारे कथक होते, दरबारात नाचणारे आणि शिकवणारे गुरू होते, आणि तवायफ होत्या. लखनौच्या तवायफ म्हणजे त्या काळच्या शिकलेल्या बायका, गाणं, शेरोशायरी, बोलण्याचालण्याची रीत, सगळं येणाऱ्या. ठुमरीतला भाव, एका ओळीचे दहा अर्थ नुसत्या नजरेने आणि हाताने दाखवणं, ही जी गोष्ट आज आपण स्टेजवर अभिनय म्हणून आदराने बघतो ती सांभाळून ठेवण्यात या बायकांचा मोठा वाटा आहे. गुरू पुरुष असायचे आणि त्यांच्याकडे या शिकायच्या. शंभू महाराज बसून ठुमरीचा भाव करायचे त्याची आठवण कथकची माणसं अजून काढतात, तोच बैठकीचा भाव कोठ्यावरही होता. पुढे इंग्रजी राज्यात आणि सुधारणेच्या जोरात या बायकांना एका फटक्यात वाईट ठरवलं गेलं, कला उचलून घेतली आणि माणसं बाजूला टाकली. तुमच्या नातेवाइकांच्या तोंडून जे बोललं गेलं ते तिथून आलंय.

सिनेमाने काय केलं? दोन्ही केलं. ढिगाने सिनेमे असे आहेत की कोठा दाखवायचा, दारूचे पेले दाखवायचे, पैसे उधळायचे आणि मध्ये एक नाच, ज्यात कथकचं काही नसतं. पण काही लोकांनी मान ठेवून केलं. सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) घ्या. अवधचे शेवटचे नवाब वाजिद अली शाह, १८५६ साली कंपनी सरकारने त्यांचं राज्य घेतलं, आणि हा नवाब स्वतः ठुमऱ्या रचणारा, नाचणारा माणूस. त्यांच्या दरबारातला नाच बिरजू महाराजांनी बसवला आणि गाणंही त्यांनीच गायलं, नाचल्या त्यांच्या शिष्या शाश्वती सेन. राय यांनी तिथे घाई केलेली नाही, पोशाख, लय, नजर सगळं त्या दरबाराचं आहे आणि बघणारा नवाबही कलावंताच्या नजरेने बघतोय, गिऱ्हाइकाच्या नाही. माझ्या मते मुजरा आणि कथक याबद्दल जे काही बोलायचंय ते त्या एका प्रसंगात आलंय.

त्याच राय यांचा त्याआधीचा बंगाली ‘जलसाघर’ (१९५८) आहे, त्यात शेवटच्या मैफलीत रोशनकुमारी नाचतात, जयपूर घराण्याच्या, मुंबईत राहून ज्यांनी अनेकांना शिकवलं. तिथे कथकचा दुसरा चेहरा दिसतो, जोरकस, पायांचा, जलद लयीचा. आणि ‘उमराव जान’ (१९८१) ची नृत्यं गोपीकृष्ण आणि कुमुदिनी लाखिया या दोघांनी बसवलेली आहेत. कुमुदिनीबेन म्हणजे अहमदाबादच्या ‘कदंब’ च्या, ज्यांनी कथकचं समूहनृत्य नव्याने घडवलं, आणि त्या तवायफची कथा असलेल्या सिनेमासाठी काम करतात, यावरून समजा.

तेव्हा सर, नातेवाइकांना सांगा की हो, नात ज्या परंपरेत शिकतेय त्यात त्या बायकाही आहेत आणि त्यांनी राखलं म्हणून आज ती शिकू शकतेय. नातीलाही हे सांगा, जरा मोठी झाली की. ती मान खाली घालणार नाही.

कोल्हापूरहून एका वाचकाने विचारलंय: सिनेमाने शास्त्रीय नृत्याचं वाटोळं केलं असं आमचे गुरुजी म्हणतात. तुमचं मत?

गुरुजींचा मान राखून सांगते की मला हे पटत नाही. तमिळनाडूचं उदाहरण बघा. १९४७ साली ‘नाम इरुवर’ नावाचा तमिळ सिनेमा आला, त्यात बारा-तेरा वर्षांची कमला नाचली, बेबी कमला किंवा कुमारी कमला म्हणून जी प्रसिद्ध झाली, पुढे कमला लक्ष्मण. नृत्य बसवलं होतं वळुवूर रामय्या पिल्लै यांनी, म्हणजे परंपरेतल्या पक्क्या नट्टुवनारांनी (भरतनाट्यम् शिकवणारे आणि ताल धरणारे गुरू). त्याच वर्षी मद्रास प्रांतात देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी आली. एकीकडे ज्या घरांनी हा नाच जपला त्यांच्यावर दार बंद होत होतं आणि दुसरीकडे पडद्यावर ही पोर बघून मध्यमवर्गातल्या घरांना वाटायला लागलं की आपल्याही मुलीने हे शिकावं. त्यात न्याय झाला का, तर नाही, पण भरतनाट्यम् घराघरात पोचवण्यात सिनेमाचा हात होता हे कसं नाकारणार. आणि ही कमला अगदी लहान असताना मुंबईत थोडं कथकही शिकली होती, कोणाकडे, तर लच्छू महाराजांकडे! सिनेमा आणि नृत्य यांचे धागे असे एकमेकात गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत.

वाटोळं होतं ते वेगळ्या कारणाने, सिनेमातली चाल-ढब स्पर्धांच्या स्टेजवर येते आणि तिला शास्त्रीय म्हणून बक्षीस मिळतं, तेव्हा. तो दोष परीक्षकांचा आहे, सिनेमाचा नाही.

ताई, मी एकोणीस वर्षांची आहे, भरतनाट्यम् शिकतेय. अभिनय समजून घ्यायला एकच फिल्म बघायची असेल तर कुठली बघू? फीचर फिल्मच पाहिजे असं नाही. — ठाणे

‘बाला’. सत्यजित राय, १९७६. अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी आहे, बालासरस्वतींवर, आणि मुंबईची एनसीपीए ही कलासंस्था आणि तमिळनाडू सरकार यांनी मिळून ती करवून घेतली. तुझ्या गुरूंनी नाव घेतलं असेलच, वीणा धनम्माळ यांची नात, आई जयम्माळ गायिका, गुरू कंदप्पा पिल्लै, देवदासी परंपरेच्या घरातली बाई जिने सगळा जमाना विरोधात असताना आपला नाच बदलला नाही. राय यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं १९३५ साली कोलकात्यात, तेव्हा ते शाळकरी वयाचे होते आणि त्याही तरुणच होत्या. फिल्म झाली तेव्हा बालाअम्मा ५८ वर्षांच्या. खूप लोक हळहळतात की चाळीस वर्षं आधी का नाही झाली, मलाही वाटतं. पण तू मात्र ते वय विसरून बघ, किंवा खरं सांगायचं तर वयासकट बघ.

त्यात त्या ‘कृष्णा नी बेगने बारो’ करतात, व्यासतीर्थांचं कन्नड पद, राग यमुना कल्याणी, आणि शूटिंग समुद्रकिनाऱ्यावर. वारा सुटलाय, पदर हलतोय, स्टेजवर असतं तसं काहीच नियंत्रणात नाही. काहींना हा समुद्र आवडत नाही, ते म्हणतात हॉलमध्येच करायला हवं होतं, लक्ष जातं. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते, एवढा मोठा उघडा समुद्र मागे असताना त्या बाईचा हात फार लांब जातच नाही. मुलाला बोलावणारी आई किती जोरात हात हलवेल, तेवढाच हलतो. आपण आजकाल यशोदा करतो तेव्हा डोळे केवढे मोठे करतो! तिथे कृष्णाने तोंडात विश्व दाखवलं ती ओळ येते तेव्हा नीट बघ, आश्चर्य कुठून सुरू होतं, भुवईतून की श्वासातून. पहिल्यांदा नुसती बघ, दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघ, तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त गाणं ऐक आणि मनात तिचे हात आठव. मग शेवटचं वर्णम्, ती नाच आणि अभिनय दोन्ही असलेली मोठी रचना, बघ. तिथे कॅमेरा बऱ्यापैकी गप्प उभा आहे, राय यांच्यासारखा माणूस, ज्याला शॉट कसा लावायचा हे जगाला शिकवता आलं असतं, तो इथे स्वतःचं कौशल्य मागे ठेवतो.

मग वेळ मिळाला तर अजून दोन नावं देते. कुमार शहानींची ‘भवांतरण’, केलुचरण महापात्रांवर, ओडिसीसाठी. तिथे कॅमेरा राय यांच्यापेक्षा अगदी वेगळा विचार करतो. आणि आपल्या अरुण खोपकरांची ‘संचारी’, लीला सॅमसन यांचं भरतनाट्यम् घेऊन केलेली. खोपकरांचं मराठीतलं लेखन वाचलं असशील तर तुला कळेल की हा माणूस नाच आणि सिनेमा दोन्हीकडे एकाच बारकाईने बघतो.

महाराष्ट्राचा आणि या विषयाचा संबंध शांतारामबापूंच्या पलीकडे आहे की नाही? — पुणे

आहे की! खंडाळ्यापासून सुरू करू. मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, यजमान साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक. या बाईंनी कथक कोठ्यातून आणि दरबारातून काढून बॅलेच्या रूपात स्टेजवर आणलं, १९३६ साली त्यांचा संच बर्लिनच्या नृत्य ऑलिम्पियाडला गेला, युरोपभर दौरा झाला, आणि १९३८ मध्ये आलेल्या ‘डेर टायगर फॉन एश्नापूर’ या जर्मन सिनेमात त्यांच्या संचाचा नाच आहे. त्यांनी खंडाळ्याला नृत्यालय काढलं होतं. त्या दौऱ्यात लहान पोर होती ती म्हणजे आपल्या दमयंती जोशी, पुढे एकल कथक नर्तकी म्हणून केवढं नाव झालं, फिल्म्स डिव्हिजनच्या कथकवरच्या फिल्ममध्ये त्या आहेत.

मग १९४१ ला मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘राजनर्तकी’ काढला, साधना बोस यांचा मणिपुरी नाच, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत.

आणि तुम्ही पुण्याचे म्हणून खास सांगते, गुरुदत्त. लोक त्यांना दिग्दर्शक म्हणून ओळखतात, पण सुरुवात नाचाने झाली. ते अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात शिकले, ते केंद्र बंद पडल्यावर १९४४ च्या सुमाराला पुण्यात प्रभातमध्ये आले, आणि ‘हम एक हैं’ (१९४६) ची नृत्यं त्यांनी बसवली. त्यांच्या सिनेमातली गाणी बघा आता या नजरेने, पात्रं नाचत नसतानाही कॅमेरा कसा लयीत सरकतो, आणि कडव्याच्या कुठल्या जागेवर सरकतो. हे ज्याने शरीराने ताल शिकलाय त्यालाच जमतं असं मला ठामपणे वाटतं. त्यांचे गुरू उदय शंकर यांनी स्वतः ‘कल्पना’ (१९४८) काढला, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत. उदय शंकर यांचा नाच कुठल्या एका शास्त्रीय शैलीतला नव्हे, पण नाच बघायचा तर कॅमेऱ्याच्या डोळ्याने कसा मांडावा याचा एवढा विचार त्यांच्याआधी आपल्याकडे कोणी केला नव्हता. सावल्या, वरून घेतलेले शॉट, एकात एक मिसळणाऱ्या प्रतिमा. प्रिंट खराब झाली होती, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या फाउंडेशनने ती दुरुस्त करून घेतली आणि २०१२ ला कान महोत्सवात दाखवली. मिळेल तिथे बघा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर कामं टाकून जा.

कथकली सिनेमात कधी नीट आलंय का? — मडगाव

मल्याळममध्ये आलंय. ‘वानप्रस्थम’ (१९९९), शाजी करुण यांचा, मोहनलाल कथकली नट झालेत आणि सोबत कलामंडलम गोपी आहेत, जे खरोखरचे मोठे कथकली कलाकार. कथकलीत डोळ्यांचं काम इतकं सूक्ष्म असतं की मंदिराच्या अंगणात दहाव्या रांगेत बसलेल्याला ते पुरतं दिसत नाही, क्लोजअपमध्ये दिसतं. कॅमेऱ्याने दिलेली ही खरी देणगी. आणि मेकअपला तासन् तास जातात, चुट्टी, म्हणजे चेहऱ्याभोवतीची पांढरी कड, लावताना नट आडवा झोपून राहतो, तो वेळही या सिनेमाने दाखवलाय. अडूर गोपालकृष्णन यांनी कलामंडलम गोपींवर वेगळी डॉक्युमेंटरी केलीय, तीही बघा.

आमच्या मुलीचं पुढच्या उन्हाळ्यात अरंगेत्रम (भरतनाट्यम् चा पहिला जाहीर एकल कार्यक्रम) आहे. इथल्या एका व्हिडिओवाल्याने ओळखीच्या मुलीचं केलं होतं ते बघून धास्ती वाटतेय, सारखे क्लोजअप, स्लो मोशन, पाय तर दिसतच नाहीत. त्याला नेमकं काय सांगायचं? — न्यू जर्सी

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण सिनेमाबद्दल एवढं बोललो ते शेवटी इथे उपयोगी पडतं.

दोन कॅमेरे सांगा, आणि त्यातला एक हलणार नाही हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. तो मधल्या वाटेत, स्टेजच्या बरोबर समोर, नाचणाऱ्याच्या पोटाच्या उंचीला. बाल्कनीतून नको, वरून घेतलं की अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेली अर्धी बैठक, चपटी दिसते, मुलगी कितीही छान बसली असली तरी. आणि स्टेजला चिकटून खालून नको, कडेमागे पाय लपतात. लांब ठेवून झूमने जवळ आणायचं, वाइड लेन्स घेऊन जवळ जायचं नाही, नाहीतर हात पसरले की कडेला ते ताणल्यासारखे दिसतात आणि रेषा बिघडतात. डोक्यावर थोडी, पायाखाली थोडी जागा, आणि दोन्ही बाजूंना हात पूर्ण पसरतील एवढी. ती उजवीकडून डावीकडे गेली तर कॅमेऱ्याने तिच्या मागे धावू नये, अख्खं स्टेज फ्रेममध्ये असू दे.

दुसरा कॅमेरा क्लोजअपसाठी, पण तो फक्त अभिनयाच्या जागी वापरायचा, वर्णममधली संचारी, पदम, जावळी. जती, म्हणजे बोलांवरचा पायांचा तुकडा, चालू झाली की एडिटिंगमध्ये हलणाऱ्या कॅमेऱ्याकडे जायचंच नाही, अरुदी, म्हणजे तिचा शेवटचा तुकडा, संपेपर्यंत. त्याला ताल कळत नसेल तर त्याच्या शेजारी एडिटिंगला क्लासमधली एखादी मोठी मुलगी बसवा, ती सांगेल इथे काप, इथे नको. एवढं एक केलंत तरी अर्धं काम झालं. अलारिप्पु, जतिस्वरम् आणि तिल्लाना हे मुख्यतः शुद्ध नाचाचे भाग अख्खे एकाच कॅमेऱ्यावर ठेवले तरी चालतील, मी तर तसंच सांगेन.

आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. हॉलच्या साउंड मिक्सरमधून वेगळी लाइन रेकॉर्ड करायची, पण मिक्सरमध्ये पायांचा आवाज जात नाही, त्यामुळे स्टेजच्या पुढच्या कडेला एक माइक पायांसाठी लागेल. नट्टुवांगमचा, म्हणजे गुरूंच्या झांजेचा, पहिला ठोका ऐकून दोन्ही आवाज जुळवता येतात. तुमच्याकडे वीज साठ हर्ट्झची, तेव्हा साठ फ्रेमवर शूट करायला सांगा, पायांच्या जलद हालचाली स्वच्छ येतात आणि एलईडी दिव्यांचा थरथराटही टाळता येतो. मागे काळा पडदा असेल तर ऑटो एक्स्पोजर चेहरा पांढरा करून टाकतं, ते आधीच लॉक करायला सांगा. रंगीत फिरते दिवे असतील तर लाइटवाल्याशी बोलून निदान अभिनयाच्या वेळी साधा उबदार प्रकाश मागून घ्या, निळ्या प्रकाशात चेहऱ्यावरचं काहीही वाचता येत नाही.

एक बारीक गोष्ट राहिली. एडिट झाल्यावर चित्र आरशासारखं उलटं झालेलं नाही ना ते तपासा, असं होतं आणि पटकन लक्षात येत नाही. साडीच्या पंख्याची बाजू किंवा डोक्यावरच्या आभूषणांतले सूर्य-चंद्र बघितले की कळतं, सूर्य तिच्या उजव्या बाजूला हवा. आणि न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग, स्थिर कॅमेऱ्याचं, ते वेगळं मागून ठेवा, करारातच लिहून घ्या. सुंदर एडिट केलेला व्हिडिओ नातेवाइकांसाठी, पण पुढे तिला स्वतःचा नाच तपासायला आणि गुरूंना चुका दाखवायला ते कच्चंच लागेल.